मका गेला, कुरण आलं : व्हितेलच्या झऱ्याचं प्रकरण

मागच्या पावसाळ्यात वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या एका गावात विहिरीचं पाणी तपासत होतो. काचेच्या नळीत पाणी घेतलं, किटमधली पुडी टाकली, हलवलं आणि बांधावर बसून वाट बघितली. पाणी आधी फिकट गुलाबी झालं, मग गडद होत होत जांभळ्याकडे झुकलं. सोबतच्या रंगतक्त्यावर ते ४५ च्या खुणेच्या बरंच पुढे गेलं होतं. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची भारतीय मानकाची मर्यादा, आणि तीत सवलत नाही. विहिरीचे मालक काकाजी नळीकडे बघत म्हणाले, "पाणी तं गोडं हाय जी. अर्धं गाव याच विहिरीचं पिते." खरंच गोडं होतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही.

खतातल्या नत्रातून नायट्रेट तयार होतं आणि पाण्यासोबत खाली मुरतं, म्हणून मी खताबद्दल बोलायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "युरिया कमी करा म्हनता, मंग पऱ्हाटी कशावर वाढवू? त्याच्या बदल्यात काय द्याल?"

पऱ्हाटी म्हणजे कपाशी. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या एका ठिकाणी हा प्रश्न कोणीतरी खऱ्या अर्थाने अंगावर घेतला, ते ठिकाण फ्रान्समध्ये आहे. तिथे काय घडलं ते मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. त्यातलं बरंचसं आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. तरी प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण 'पाणी वाचवण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले' एवढ्या एका ओळीत ते सांगितलं जातं, आणि त्या ओळीत मुख्य गोष्टच सुटते.

झरा आणि त्याच्या वरची शेतं

फ्रान्सच्या ईशान्येला व्होज नावाचा डोंगराळ भाग आहे. त्याच्या पायथ्याशी व्हितेल हे छोटं गाव. १८५४ साली लुई बुलूमिए नावाच्या वकिलाने तिथला झरा विकत घेतला. पाण्याने पोटाचे आणि मूत्रपिंडाचे विकार बरे होतात या ख्यातीवर तिथे आरोग्यस्नानाचं ठिकाण उभं राहिलं आणि पुढे एक कंपनी ते पाणी गावाच्याच नावाने बाटलीत भरून विकू लागली. मुख्य झऱ्याचं नाव ग्रांद सूर्स, म्हणजे थोरला झरा. चुनखडीच्या भेगांमधून मुरत येणारं हे पाणी जमिनीखाली सुमारे ८० मीटरवर साठतं. ते ज्या भूभागातून मुरतं त्याचं क्षेत्र सुमारे ५,१०० हेक्टर, आणि त्यातलं साधारण ३,५०० हेक्टर शेतीचं.

त्या शेतीवर दूधवाले शेतकरी होते, तीस-चाळीस कुटुंबं. पिढ्यानपिढ्या त्यांची गुरं कुरणावर चरत आणि हिवाळ्यात वाळलेलं गवत खात. १९७० नंतर चित्र पालटू लागलं. मका आला. मका हिरवा कापून, दाबून, मुरवून ठेवला की वर्षभराचा मुरघास तयार. एकरी चारा जास्त, दूध जास्त, आणि गवतासारखी पावसाची धास्ती नाही. कुरणं नांगरली गेली. मक्याला खत लागतं, ते आलं. गुरं गोठ्यात बांधली गेली, शेणमूत एका जागी साचू लागलं, आणि ते पातळ शेणखत वर्षातून एक-दोनदा शेतावर ओतलं जाऊ लागलं. १९८४ मध्ये युरोपने दुधावर कोटा लावला. तेवढंच दूध कमी खर्चात काढायचं दडपण आलं, तेव्हा मक्याची गरज आणखी घट्ट झाली.

यातल्या कोणालाही दोष देता येत नाही. सरकारी सल्लागार तेच सांगत होते, बँका त्यासाठीच कर्ज देत होत्या. आपल्याकडच्या हरितक्रांतीच्या दिवसांची आठवण ज्यांना आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण मका सप्टेंबर-ऑक्टोबरात कापला जातो आणि मग जमीन उघडी पडते. फ्रान्सच्या त्या भागात पाऊस खरा मुरतो तो शरद आणि हिवाळ्यात. पिकाने न उचललेलं नत्र आणि शेणखतातून सुटलेलं नत्र तोवर जिवाणूंनी नायट्रेटमध्ये बदललेलं असतं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, नायट्रेटवरही ऋणच. त्यामुळे माती अमोनियमला, म्हणजे धन भाराच्या नत्राला, धरून ठेवते तशी नायट्रेटला धरत नाही. पाणी खाली निघालं की नायट्रेट त्याच्यासोबत निघतं. कुरणाखाली हे फार कमी घडतं, कारण गवताची मुळं बारा महिने जिवंत असतात आणि सुटेल ते नत्र उचलत राहतात. मी हे शेतकरी गटांना सांगताना खुंटावर बांधलेलं आणि सोडलेलं जनावर असा दाखला देतो. मूळ म्हणजे खुंट.

१९८० च्या दशकात झऱ्यात नायट्रेट हळूहळू चढू लागलं. आकडे आपल्या नजरेने बघितले तर हसू येईल: लिटरला चार-पाच मिलिग्रॅम. पण हे 'नैसर्गिक मिनरल वॉटर' होतं. त्या नावाने पाणी विकायचं तर त्यातले घटक वर्षानुवर्षं स्थिर हवेत, आणि नायट्रेट काढायला यंत्र लावायची मुभा कायद्यात नाही. आज चार आहे, उद्या आठ, मग पंधरा अशी रेघ कंपनीला समोर दिसत होती.

बंद पडलेल्या वाटा

कंपनीपुढे काय काय होतं? झरा सोडून दुसरीकडे जाणं म्हणजे नाव सोडणं. बाटलीवरचं नाव गावाचं होतं. सगळी जमीन विकत घेणं कायद्याने सोपं नव्हतं. फ्रान्समध्ये शेतजमिनीच्या व्यवहारात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असलेल्या एका संस्थेला आधी खरेदीचा हक्क असतो, आणि शेतकऱ्यांना आपलं गाव पाण्याच्या कंपनीच्या घशात जाताना बघायचं नव्हतं. न्यायालयात जावं तर शेतकरी कायद्याच्या चौकटीतच शेती करत होते. झऱ्यातलं नायट्रेट नळाच्या पाण्याच्या ५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी खाली होतं. मग त्यांनी का म्हणून बदलावं?

हा शेवटचा प्रश्न मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. शेतकऱ्याची चूक नव्हती, त्याचं नुकसानही नव्हतं. पाणी दुसऱ्याचं बिघडत होतं. अशा ठिकाणी उपदेश चालत नाही. जनजागृतीचे फलक तर मुळीच चालत नाहीत.

तरी कंपनीने सुरुवातीला जमिनी घेतल्याच, बाजारभावापेक्षा चढ्या दराने. गावात संशय वाढला.

चार वर्षं नुसतं विचारण्यात

१९८९ मध्ये कंपनीने फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेशी, म्हणजे इन्राशी करार केला. चार वर्षांच्या या संशोधन कार्यक्रमाचं नाव शेती, पर्यावरण आणि व्हितेल या तीन शब्दांतून जुळवलेलं होतं: आग्रेव्ह. नेतृत्व झाँ-पिएर देफोंतेन यांचं. व्हितेलहून फार लांब नसलेल्या मिरकूरच्या संशोधन केंद्रातले मार्क बेन्वा हे त्यातलं आणखी एक महत्त्वाचं नाव. पथकात मृदाशास्त्र आणि पीकशास्त्राचे लोक होते, तसे अर्थशास्त्राचे आणि समाजशास्त्राचेही.

त्यांनी काय केलं ते जवळून बघण्यासारखं आहे. शेतात साधारण मीटरभर खोल, मुळांच्या टप्प्याच्या खाली, त्यांनी चिनी मातीच्या सच्छिद्र टोप्या पुरल्या. टोपीला बारीक नळी जोडलेली, नळीचं दुसरं टोक जमिनीवर. हातपंपाने नळीतली हवा ओढली की आजूबाजूच्या मातीतलं पाणी टोपीच्या छिद्रांतून झिरपत आत येतं आणि बाटलीत काही थेंब जमतात. तेच ते पाणी, जे मुळांच्या हातून निसटलं आहे आणि आता झऱ्याकडेच जाणार. मक्याखाली, गव्हाखाली, लसूणघासाखाली, जुन्या कुरणाखाली अशा टोप्या बसवल्या, आणि हिवाळ्यामागून हिवाळा पाणी गोळा केलं.

मक्याखालच्या पाण्यात नायट्रेट शंभरीच्या पार जात होतं, कुरणाखाली ते त्याच्या अगदी थोडक्या अंशावर. झऱ्याचं पाणी साडेचार मिलिग्रॅमवर ठेवायचं तर शेताच्या मुळांखालचं पाणी दहा मिलिग्रॅमच्या आत हवं, हा हिशेब त्यातून पक्का झाला. (वाटेत जंगलाखालचं स्वच्छ पाणी मिसळतं, म्हणून दहाचे साडेचार होतात.) खत थोडं कमी करून, वेळ थोडी बदलून हा आकडा गाठता येणार नव्हता. मका पूर्ण जायलाच हवा होता.

इथे एक गोष्ट स्वच्छ बोलली गेली, जी आपल्याकडे फार क्वचित बोलली जाते. 'शिफारशीप्रमाणे खत द्या' हा सल्ला पिकासाठी असतो. पाण्यासाठीचा हिशेब वेगळा निघू शकतो. शिफारशीइतकंच खत टाकणाऱ्या मक्याखालीही झऱ्याला न झेपणारं नायट्रेट सुटू शकतं. पीकच बदलावं लागतं, आणि पीक बदललं की घर कसं चालायचं हा प्रश्न उभा राहतो.

म्हणून संशोधकांचा अर्धा वेळ टोप्यांवर गेला आणि अर्धा शेतकऱ्यांच्या घरात. कोणाकडे किती जमीन, किती गाई, किती कर्ज, पुढची पिढी शेतीत राहणार का, गोठा कसा आहे, शेणखत कुठे साठतं, मका काढला तर गाईच्या पोटात काय घालायचं, दूध किती घटेल, ते कशाने भरून निघेल. एकेका शेताचा वेगळा हिशेब. सुरुवातीला शेतकरी बोलायला तयार नव्हते. संशोधक कंपनीच्या पैशावर आले आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. विश्वास हळूहळू बसला, आणि तो बसायला आकड्यांपेक्षा ऐकून घेण्याचा जास्त हात होता असं मला वाटतं.

प्रस्ताव

जे ठरलं ते असं. मका बंद. रासायनिक खत आणि फवारणी बंद. हेक्टरी एकाहून जास्त जनावर नाही. चारा कुरणाचा आणि लसूणघासाचा. शेणाचं कंपोस्ट करायचं, आणि ते ठरवलेल्या शेतात ठरवलेल्या वेळी ठरवलेलं तेवढंच टाकायचं. गोठे सुधारायचे, म्हणजे शेणमूत वाहून जाणार नाही.

बदल्यात काय? करार १८ किंवा ३० वर्षांचा. हा काळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तीन वर्षांच्या योजनेवर भरवसा ठेवून कोणी गोठा पाडून नवा बांधत नाही. पहिली काही वर्षं हेक्टरी सरासरी २०० युरो दरवर्षी, उत्पन्नातली खोट भरून काढायला. गोठा आणि अवजारांसाठी एका शेताला दीड लाख युरोपर्यंत मदत. जमीनखरेदीच्या कर्जाचा बोजा उतरवला. कंपनीने घेतलेली जमीन शेतकऱ्याला कसायला मोफत. कंपोस्ट करणं आणि शेतात पसरणं हे काम कंपनीच्या माणसांनी, कंपनीच्या यंत्रांनी, फुकट करून द्यायचं.

मोफत जमीन हा त्यातला कळीचा भाग होता. मका सोडला की तेवढ्याच दुधासाठी जास्त जमीन लागते. नुसते पैसे दिले असते तर शेतकऱ्याने ते घेतले असते आणि चारा कमी पडला की तो पुन्हा मक्याकडे वळला असता. जमिनीने ती गाठ सुटली. ज्या खरेदीमुळे गाव बिथरलं होतं, तीच जमीन पुढे देवाणघेवाणीचं भांडवल झाली.

कंपोस्ट पसरण्याचं कामही वरवर बघता मेहेरबानी वाटेल. पण त्याच कामामुळे कोणत्या शेतात किती खत पडलं याची नोंद आपोआप कंपनीकडे राहिली. वेगळा निरीक्षक ठेवून शेतकऱ्याच्या मागे लावावा लागला नाही. या प्रकरणातली ही सगळ्यात शहाणी योजना आहे असं माझं मत आहे: देखरेख मदतीच्या पोटात घातली.

हे सगळं चालवायला १९९२ मध्ये अ‍ॅग्रिव्हेर नावाची वेगळी छोटी कंपनी स्थापन झाली. कार्यालय व्हितेलमध्येच. त्याच वर्षी मूळ कंपनी नेस्लेच्या ताब्यात गेली, पण शेतकऱ्याने ज्याच्याशी बोलायचं तो माणूस गावातलाच राहिला. पहिल्या सात वर्षांचा खर्च सुमारे २ कोटी ४२ लाख युरो: जमिनीवर ९१ लाख, शेतकऱ्यांच्या भरपाईवर १ कोटी १३ लाख, अवजारं-गोठ्यांवर ३८ लाख. हेक्टरी वर्षाला साधारण ९८० युरो. विकलेल्या पाण्यावर वाटला तर हजार लिटरमागे दीड युरो, म्हणजे एका बाटलीमागे नगण्य.

२००४ पर्यंत भागात उरलेल्या सगळ्या २६ शेतांनी नवी पद्धत स्वीकारली होती. १,७०० हेक्टरवरचा मका गेला. पाणलोटाचा ९२ टक्के भाग संरक्षणाखाली आला. झऱ्यातलं नायट्रेट चढायचं थांबलं.

'उरलेल्या' हा शब्द

सुरुवातीला ३७ च्या आसपास शेतं होती, शेवटी २६. बाकीची कुठे गेली? काहींनी वय झालं म्हणून शेती सोडली, काहींनी जमीन कंपनीला विकली. शेतकरी कमी झाले म्हणून उरलेल्यांना जास्त जमीन मिळाली आणि कमी जनावरांची शेती परवडली. यशोगाथा सांगताना हे गाळलं जातं. ते गाळून ही पद्धत जिथे दीड हेक्टरही वाट्याला येत नाही अशा जिल्ह्यात नेली तर पहिल्याच बैठकीत ती आपटेल.

दुसरी गोष्ट परावलंबित्वाची. जमीन कंपनीची, कंपोस्ट कंपनीचं, सल्ला कंपनीचा. तीस वर्षांनी करार संपला की काय, हा प्रश्न करारावर सही करणाऱ्याच्या मुलाला पडतो.

आणि तिसरी गोष्ट, जी सांगताना मला वाईट वाटतं. याच गावाखाली वालुकाश्माचा आणखी एक खोल जलसाठा आहे. उपसा जास्त आणि भरणा कमी, त्यामुळे तो वर्षानुवर्षं खालावत गेला. गावकऱ्यांना दुसरीकडून नळाने पाणी आणून द्यायचं, म्हणजे कंपनीचा उपसा चालू राहील, अशी योजना निघाली. लोकांनी विरोध केला आणि २०१९ मध्ये ती सोडून द्यावी लागली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये नेस्लेच्या पाणी विभागाने परवानगीविना चालवलेल्या विंधन विहिरी आणि मिनरल वॉटरवर केलेली नियमबाह्य प्रक्रिया या प्रकरणात एपिनाल शहरातल्या सरकारी वकिलांशी तडजोड करून २० लाख युरो दंड भरला. शेतकऱ्यांनी मका सोडून पाणी स्वच्छ राखलं, आणि त्या पाण्याच्या धन्याने नियम मोडले. एकाच झऱ्याच्या परिसरात दोन्ही गोष्टी घडल्या, आणि दोन्ही सांगायला हव्यात. पाण्याचा दर्जा राखण्यासाठी पैसे मोजणारा त्या पाण्याचा मालक होऊन बसला की काय होतं, ते यातून दिसतं.

म्हणूनच मला जर्मनीतल्या म्युनिकचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. तिथे १९९२ पासून शहराची पाणीपुरवठा संस्था मांगफाल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी हेक्टरी रक्कम देते. तत्त्व तेच, पण पैसे मोजणारं शहर आहे आणि पाणी नळाला येतं.

आता आर्वीकडे

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट ४५ च्या वर निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांहून जास्त. देशात सर्वाधिक त्रास असलेल्या १५ जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ, म्हणजे आपले सात आहेत. व्हितेल साडेचार मिलिग्रॅमवरून अस्वस्थ झालं होतं. आपल्याकडे पंचेचाळीसच्या वरचं पाणी रोज घागरीत भरलं जातं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल आणि ते दूध अशा पाण्यात केलं जात असेल, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते आणि अंग निळसर पडू शकतं. आई पाणी उकळते. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. हे एक वाक्य प्रत्येक अंगणवाडीत सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

थोडा हिशेब करू. युरियाची एक बॅग ४५ किलोची, अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना. त्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र. ते सगळं नायट्रेट झालं तर सुमारे ९२ किलो होतं, आणि तेवढं नायट्रेट २० लाख लिटर शुद्ध पाण्याला ४५ च्या मर्यादेवर नेऊन ठेवतं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण ८५ हजार लिटर भरतं. म्हणजे एका बॅगेत चोवीस विहिरींचा ऐवज. सगळं नत्र खाली जात नाही हे खरं. बरंच पीक उचलतं, काही हवेत उडतं. पण चौथाई निसटलं तरी सहा विहिरी. (प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना एक सांभाळा: आकडा 'नायट्रेट' म्हणून दिला आहे की 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून, ते बघा. दुसऱ्याला ४.४३ ने गुणलं की पहिला मिळतो. या घोटाळ्यात वाईट पाणी चांगलं ठरलेलं मी बघितलं आहे.)

आपली गळतीची वेळही वेगळी आहे. व्हितेलला हिवाळा घात करतो, आपल्याला जून-जुलै. उन्हाळाभर तापलेल्या उघड्या जमिनीवर पहिले पाऊस पडले की सेंद्रिय अंश कुजून नायट्रेट एकदम सुटतं, आणि तेव्हा पऱ्हाटी दोन-चार पानांवर असते. मुळं वीतभरही गेलेली नसतात. त्यातच पेरणीबरोबरचं खत आणि मागोमाग युरियाचा पहिला हात. एक झड लागली की सगळं मुरमात. आपला बसाल्टचा उथळ जलसाठा व्हितेलसारखा ८० मीटर खाली नाही. विहिरीतलं पाणी हंगामाच्या आत बदलतं. यात धोका आहे, आणि आशाही: बदल केला तर त्याचा परिणाम दिसायला दशक लागणार नाही.

शिवाय सगळं पाप युरियाचं नाही. गावठाणाला लागून असलेल्या विहिरीत उकिरडा आणि शौचालयांचे शोषखड्डे मोठा वाटा उचलतात. त्या गावात आम्ही तपासलेल्या विहिरींपैकी गावाला चिकटलेल्या विहिरींचं पाणी शिवारातल्या विहिरींपेक्षा वाईट निघालं. व्हितेलमध्ये टोप्या पुरून आधी कोणत्या शेताखाली किती ते मोजलं होतं. ते आपण न मोजताच शेतकऱ्याकडे बोट दाखवतो.

आपल्याकडे एक रेघ मात्र आधीच आखलेली आहे. १९९३ च्या राज्याच्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर खोदायला बंदी आणली. हेतू पाणी पळवलं जाऊ नये हा. ५०० मीटरचं वर्तुळ म्हणजे साधारण ७८ हेक्टर, १९४ एकर. राज्यात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर धरली तर अठ्ठावन्न खातेदार. व्हितेलच्या ३७ शेतांहून माणसं जास्त, पण जमीन पंचेचाळीसपटीने कमी. नळयोजनेच्या विहिरीभोवतीच्या एवढ्याच वर्तुळात सुरुवात करायची तर रक्कम ग्रामपंचायतीच्या आवाक्याच्या फार बाहेर जाणार नाही. आज अनेक गावांत शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं जातं, वर्षा-दोन वर्षांनी त्याची गाळणी बदलली जात नाही आणि ते धूळ खात पडतं. त्या यंत्राच्या पैशात वर्तुळातल्या अठ्ठावन्न घरांशी वेगळं बोलणं होऊ शकतं.

मी डिसेंबरात पुन्हा काकाजींकडे गेलो. व्हितेलची गोष्ट सांगितली, शेतात पुरलेल्या टोप्यांपासून दंडापर्यंत सगळी. त्यांनी मध्ये दोनदाच प्रश्न विचारले: तिथल्या गाईला रोज किती चारा लागतो, आणि तीस वर्षांचा करार कोणी लिहून दिला. मग आमच्या दोघांचा हिशेब सुरू झाला. युरियाचा पहिला हात महिनाभर पुढे ढकलून तीन वाट्यांत देता येईल. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी वाढवता येतील. खरिपाच्या सोयाबीननंतर जमीन उघडी न ठेवता हरभरा घेता येईल, म्हणजे उरलेलं नत्र त्याच्या मुळांच्या कामी येईल. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, तो हलवावा लागेल.

"पैसे नको," ते म्हणाले. "उकिरड्याले सिमेंटचा ओटा बांधून द्या, म्हंजे पानी झिरपनार नाई. दोन एकराचं हरभऱ्याचं बियानं द्या. आन् पुढच्या पावसाळ्यात हे गुलाबी पानी दर पंधरा दिवसांनी तपासाले या. पीक खाली आलं तर मी तुमाले सांगीन, पानी सुधरलं तर तुमी मले सांगा."

ओट्याचं माप आम्ही त्याच दिवशी घेतलं: बारा फूट बाय दहा.